मागच्या फाटकाचं घर

आमच्या फिनिक्स शहरात घर बघायला आलेला माणूस नळ सोडून बघत नाही, भिंतीवर टकटक करत नाही, शेजारी कसे आहेत हेही विचारत नाही. तो सरळ मागच्या अंगणात जातो, कुंपणाच्या भिंतीपाशी उभा राहतो, डोळ्यांवर हात धरून डोंगराकडे बघतो आणि विचारतो, "इथून पायवाटेला लागायला किती मिनिटं?" उत्तर वीस आलं की त्याचा चेहरा पडतो. दहा आलं तर स्वयंपाकघर बघायला तयार होतो. आणि भिंतीलाच फाटक असेल, फाटक उघडल्यावर पाऊल थेट वाटेवर पडत असेल, तर घराला छप्पर आहे की नाही हेही न बघता तो सही करतो. मग पुढची वीस वर्षं त्या फाटकातून तो फक्त अंगणातला पालापाचोळा बाहेर ढकलतो.

वेंडेल टटलने असंच घर घेतलं. खरं म्हणजे त्याच्या बायकोने, मारिसेलाने घेतलं. वेंडेल बासष्ट वर्षांचा, जिल्हा कचेरीत नोंदींच्या खिडकीवर तीस वर्षं काढून निवृत्त झालेला. लोकांनी भरून आणलेले अर्ज परत करणं हे त्याचं काम. अर्ज परत करण्याआधी तो दोनदा घसा खाकरायचा, हं-हं, आणि त्या आवाजाने रांगेतल्या माणसाचे खांदे आपोआप पडायचे. मागच्या हिवाळ्यात त्याच्या छातीत कळ आली. डॉक्टरने स्टेंट बसवला आणि सांगितलं, रोज चाला, आणि जमलं तर चढावर चाला.

मारिसेलाने त्या दिवशी दवाखान्याच्या गाडीतळावर उभं राहून निर्णय घेतला. तिच्या आईचं शेजारच्या मेसा गावातलं घर, संत्र्याच्या झाडासकट, ती विकायला निघाली. बहिणी म्हणाल्या, वेडी झालीस. ती ऐकेना. वेंडेलला तिने एकच अट घातली.

"रोज चढायचं. मी स्वतः चढले असते, पण माझ्या गुडघ्यात धातूची पट्टी आहे, तुझ्या गुडघ्यात फक्त आळस आहे. ज्या दिवशी मला कळेल की तू फसवतोयस, त्या दिवशी मी नोगालेसला बहिणीकडे जाईन आणि तू एकटा बसून डोंगर बघ."

"अगं, चढेन म्हटलं ना!" वेंडेल म्हणाला. दवाखान्याच्या गाडीतळावर माणूस काहीही म्हणतो.

घराची दलाल ट्वायला नावाची बाई होती. तिने न्हाणीघराचं गळकं छत दाखवायचं टाळलं आणि दोघांना थेट मागे नेलं. "सतरा पावलं," ती म्हणाली. तिने स्वतः मोजली होती. फाटकापलीकडे एल्बो डोंगराची वाट तांबड्या दगडांतून वर गेली होती, आणि अगदी माथ्यावर काहीतरी चकाकत होतं. तो जुना लष्करी पत्र्याचा डबा. त्यात एक वही असते, माथ्यावर पोचलेला माणूस तिच्यात तारीख घालून सही करतो. आमच्या वस्तीत माणसाची किंमत त्या वहीवरून ठरते. कुणाची मुलं काय शिकली हे कुणी विचारत नाही, कुणाच्या सह्या किती हे मात्र सगळ्यांना पाठ असतं.

किल्ल्या द्यायला आधीचे मालक, हॉल्डेन नवराबायको, स्वतः आले होते. आता ते वर प्रेस्कॉटला, थंड हवेत राहायला चालले होते. मिसेस हॉल्डेन मारिसेलाचा हात धरून म्हणाल्या, "तुम्हाला काय सांगू! ह्या घरात आल्यावर आमचे हे इतके सुधारले, इतके सुधारले, की पहिल्यासारखे राहिलेच नाहीत." मागे मिस्टर हॉल्डेन सडपातळ, तुकतुकीत उभे होते आणि नम्रपणे हसत होते. मारिसेलाने वेंडेलला कोपराने ढोसलं.

पहिल्या दिवशी वेंडेल खरोखर निघाला, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. नवे बूट, नवी टोपी, निळा सदरा, पाठीला पिशवी. मारिसेला फाटकात उभी राहून हात हलवत होती. पहिल्या वळणापर्यंत तो गेला. तिथे एक पालो व्हर्देचं झाड आहे आणि त्याच्या आडोशाला खुर्चीसारखा दगड. त्याला धाप लागली. तो बसला. पिशवीत मारिसेलाच्या चुलतभावाच्या बेकरीतला कोंचा होता, वर साखरेची पोपडी असलेला गोल पाव. तो खाल्ला. बरं वाटलं. मग घड्याळ बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं, की माथ्यावर जाऊन यायला चांगल्या माणसाला दीड तास लागतो आणि त्यातली वीस मिनिटं तर झालीसुद्धा.

उरलेली सत्तर मिनिटं तो तिथेच बसला. निघताना बाटलीतलं पाणी पाठीवर आणि काखेत शिंपडलं. मारिसेलाने ओला सदरा बघितला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता सांगा, अशा वेळी माणसाने काय करावं? वेंडेलने मान खाली घातली, ती तिला दमल्यामुळे वाटली. दुसऱ्या दिवसापासून तो पिशवीत दोन पाव नेऊ लागला.

पहिल्या आठवड्यातच एक म्हातारा आला. मागच्या फाटकाशी उभा राहून म्हणाला, "पाणी मिळेल का हो?" अंगावर फाटका सदरा, ओठ फुटलेले. वेंडेलने ग्लास भरून दिला. म्हाताऱ्याने तो घटाघटा रिकामा केला आणि घराकडे बघत विचारलं, "न्हाणीघराचं छत अजून गळतं का? कोपऱ्यात बादली ठेवा, निळी. माझी बायको निळीच ठेवायची."

"तुमची बायको?"

"घर माझं आहे हे," म्हातारा म्हणाला, भांडायच्या सुरात नाही, पत्ता सांगावा तसं. "मी हॉल्डेन."

वेंडेलने फाटक लावून घेतलं आणि प्रेस्कॉटला फोन केला. मिस्टर हॉल्डेन स्वतःच बोलले, आवाज टवटवीत. "मी? मी इथे टोमॅटोला पाणी घालतोय," ते म्हणाले. "तो होय? येतो बिचारा मधून मधून. द्या त्याला पाणी. उन्हातून चढून येतो."

वेंडेलला हे पटलं नाही. एक म्हातारा आज पाणी मागतो, उद्या दहा जण मागतील, परवा कुणी संडास विचारेल. त्याने ठरवलं, पाटी लावायची. शेजारी योकम हा निवृत्त वैमानिक, त्याच्या तीनशे बारा सह्या होत्या. तो म्हणाला, "लेका वेंडेल, पाटी काय लावतोस, कुत्रा पाळ. माझ्या बिस्किटला बघ, हवेवर भुंकतो." मारिसेला म्हणाली, "पाणी नाही म्हणायचं? ह्या गावात? माझ्या आजीने ऐकलं असतं तर तुला चपलेने मारलं असतं." वेंडेलने दोघांचंही ऐकलं नाही.

पण पाटी लावायला सोसायटीची परवानगी लागते. सोसायटीच्या चिटणीस मिसेस कोल्ब. तीस वर्षं लोकांचे अर्ज परत करणाऱ्या माणसाचा अर्ज त्यांनी पहिल्यांदा परत केला, कारण पाटीचा रंग 'वाळवंटी तपकिरी' होता आणि नियमात 'वाळूचा तपकिरी' होता. दुसऱ्यांदा, कारण पाटीवरचा मजकूर अरेरावीचा होता. तिसऱ्यांदा, कारण दुसरा अर्ज मागे घेतल्याचा अर्ज जोडला नव्हता. "मिस्टर टटल, आपण स्वतः कचेरीत होता ना?" मिसेस कोल्ब गोड आवाजात म्हणाल्या, आणि अर्ज परत देण्यापूर्वी त्यांनी घसा खाकरला. त्या दिवशी वेंडेल जेवला नाही. शेवटी मिसेस कोल्बनीच मजकूर सुचवला आणि पाटी लागली:

'इथे पाणी मिळत नाही. हे फाटक फक्त रोज डोंगर चढणाऱ्या रहिवाशांसाठी आहे.'

आकड्यांच्या बटणांचं कुलूपही बसलं. आकडा लग्नाच्या तारखेचा. म्हातारा दुसऱ्या दिवशी आला, पाटी वाचली आणि परत वर गेला.

जूनच्या सुरुवातीला योकम भिंतीवरून डोकावून ओरडला, "शाब्बास रे! सलग एकवीस!"

"काय एकवीस?"

"सह्या! आज मी वहीत मोजल्या. आणि वेळ तरी काय, सहा वाजून पाच मिनिटं! ह्या वयात!"

त्याने फोनवर फोटोच दाखवला. वेंडेल टटल. तीच सही. इंग्रजी टटलमधल्या तिन्ही टींवर एकच आडवी रेघ, तीस वर्षं नामंजूर अर्जांखाली ओढलेली. सहा वाजून पाच मिनिटांनी तो दगडावर बसून दुसऱ्या पावाची पोपडी खरवडत होता.

इथे कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, ही माझी सही नाही. वेंडेलने तोंड उघडलंही. पण मागे स्वयंपाकघराच्या दारात मारिसेला उभी होती, आणि तिने हे सगळं ऐकलं होतं. ती आत पळाली ती बहिणीला फोन लावायला. "ऐकलंस का? एकवीस! आईचं घर विकलं तेव्हा मला वेडी म्हणत होतीस ना?" वेंडेलने तोंड मिटलं. मग त्याने घसा खाकरला आणि योकमला म्हणाला, "वारा चांगला होता आज."

प्रतिष्ठेची सवय फार लवकर लागते. आठवडाभरात वेंडेल बाजारात लोकांना चढाईबद्दल सल्ले देऊ लागला. बूट एक माप मोठे घ्यावेत. टाचेवर भार देऊ नये. कुणी लबाड त्याच्या नावाने सही करत असेल तर करू दे, त्याने मनात म्हटलं, फुकट काम करणारा माणूस आजकाल मिळतो कुठे. फक्त पहाटे दगडावर बसला की त्याला वाटेवर पावलं ऐकू येऊ लागली. खडीवर करकर, करकर. त्याच्या नव्या बुटांचा डावा तळ चालताना करकरायचा, अगदी तसाच. पावलं त्याच्या पाठीमागून यायची, पालो व्हर्देपाशी क्षणभर थांबायची आणि वर जायची. वेंडेल टोपी तोंडावर ओढून बसायचा. बघितलं नाही तर काही नाही, हे कचेरीतलं धोरण त्याला अजून उपयोगी पडत होतं.

मग सह्यांपुढे शेरे येऊ लागले. योकम रोज वाचून यायचा आणि भिंतीवरून सांगायचा. 'मारिसेलाचा गुडघा काल दुखत होता, आज बरा आहे.' "किती प्रेमळ आहेस रे!" योकम म्हणाला. 'न्हाणीघरात निळी बादली ठेवली पाहिजे.' योकमला त्यात काही वावगं वाटलं नाही. आणि एक दिवस तो पोट धरून हसत आला. "हे काय लिहिलंयस, 'आज पाव शिळा होता'? वर पाव नेतोस की काय?"

पाव खरंच शिळा होता. तो वेंडेलने एकट्याने खाल्ला होता, दगडावर, टोपीखाली. त्या दिवशी त्याने पाणी शिंपडलं नाही, सदरा आपोआप ओला झाला होता.

त्याने उद्यान खात्याला फोन केला. जी बाई फोनवर होती ती अत्यंत सभ्य होती.

"माथ्यावरच्या वहीत कुणीतरी माझ्या नावाने सही करतंय," वेंडेल म्हणाला.

"वाईट लिहितात का, सर?"

"नाही. चांगलं लिहितात."

"वहीचं नुकसान?"

"नाही. पण मी तिथे गेलोच नव्हतो!"

पलीकडे टंकलेखनाचा आवाज आला आणि थांबला. "म्हणजे तक्रार अशी लिहू का, सर, की आपण डोंगर चढला नाहीत? प्रत आपल्या घरच्या पत्त्यावर येईल. सोसायटीलाही एक जाते."

वेंडेलने दोनदा घसा खाकरला आणि तक्रार मागे घेतली. तक्रार मागे घेण्याचा अर्ज असतो का, हे विचारायची त्याला इच्छा झाली नाही.

जुलैत त्याचं वजन उतरायला लागलं. रोज दोन कोंचा खाऊनही काटा खाली जात होता. डॉक्टरने त्याची पाठ थोपटली. "चढण मानवली तुम्हाला. हृदय चाळिशीतल्या माणसाचं झालंय." वेंडेलला हात लावताना मात्र डॉक्टर एकदा गोंधळला आणि त्याने नाडी दोनदा शोधली. घरी येताना वेंडेल किराणा दुकानात गेला, तर आपोआप उघडणारा दरवाजा उघडेना. तो पुढे झाला, मागे झाला, हात हलवले, शेवटी एका बाईच्या ढकलगाडीमागून आत शिरला. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला काचेसमोर हातवारे करावे लागणं हा अपमानच. हवेवर भुंकणारा बिस्किट आता वेंडेल भिंतीपाशी गेला तरी मान वर करत नव्हता. हाही त्याने अपमान म्हणूनच धरला. भीतीपेक्षा अपमान सहन करायला सोपा असतो.

आणि मग तो दिवस आला. वेंडेल दगडावरून उठून, सदरा ओला करून, फाटकातून आत आला. मारिसेला वळली आणि गोंधळली.

"अरे, तू परत बाहेर कधी गेलास?"

"परत?"

"आत्ता तर आलास. कॉफी प्यायलास, माझ्या गुडघ्याला तेल चोळून दिलंस." तिचा चेहरा उजळला होता. "किती वर्षांनी, वेंडेल."

टेबलावर त्याचा कप होता. अर्धा प्यायलेला, अजून गरम. वेंडेलने चव घेतली. बिनसाखरेची. तो तीन चमचे घालायचा.

"मारिसेला," तो म्हणाला, "मला तुला काही सांगायचंय." त्याने खरंच सांगायचं ठरवलं होतं. पण तिने त्याचा हात हातात घेतला आणि ती म्हणाली, "काही सांगू नकोस. आईचं घर गेलं म्हणून मी रोज रडायचे, तुला माहीत नव्हतं. आता नाही रडत." त्याने ती बिनसाखरेची कॉफी संपवली. ती कडू लागली, आणि दुसऱ्या माणसाचं उष्टं पितोय असं वाटलं. आपलंच उष्टं आपल्याला असं लागावं, ह्याचं त्याला फार वाईट वाटलं.

शंभरावी सही ऑगस्टच्या एका शनिवारी होणार, असा हिशोब योकमने मांडला. मिसेस कोल्बनी ठराव केला: त्या सकाळी टटल यांच्या मागच्या अंगणात सोसायटीतर्फे न्याहारी, आणि मिस्टर टटल माथ्यावर सही करून खाली उतरले की त्यांना पितळी पट्टी. मिसेस कोल्ब दुर्बीण आणणार होत्या. वस्तीत शंभर सह्यांची पट्टी फक्त चार घरांवर आहे. ती असली की घर विकताना दलाल आधी पट्टी दाखवतो आणि मग दार.

वेंडेल आठवडाभर झोपला नाही. दुर्बीण असल्यावर दगडावर बसून राहता येणार नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं. त्याला त्या वहीत स्वतःच्या हाताने एक तरी सही करायची होती. शंभरातली नव्याण्णव दुसऱ्याची असली तर असोत, पण शेवटची माझी, आणि ती करून खाली आलो की मारिसेलाला सगळं सांगायचं. मग ती नोगालेसला जावो की राहो. इतका मोठा निर्णय त्याने नोकरीत कधी घेतला नव्हता.

शनिवारी उजाडायच्या सुमाराला तो निघाला. पिशवीत पाव नव्हता. पहिल्या वळणावर दगड होता, त्याच्याकडे बघितलंही नाही. पुढची वाट त्याला अजिबात माहीत नव्हती, हे शंभर सह्यांच्या माणसाला शोभणारं नव्हतं. दोनदा चुकला, एकदा काटेरी चोयाच्या झुडपात हात घातला, एकदा चक्क चार पायांवर चढला आणि दुर्बिणीची आठवण होऊन पुन्हा उभा राहिला. छाती धडधडत होती. पण त्याच्या लक्षात आलं, की ती त्याचीच छाती आहे. कित्येक आठवड्यांत त्याला ती जाणवली नव्हती.

माथ्याच्या खाली वाट इतकी अरुंद होते की एकच माणूस मावतो. तिथे वरून कुणीतरी उतरत होतं. करकर, करकर. आमच्याकडे रीत आहे, उतरणाऱ्याने बाजूला व्हायचं, मान चढणाऱ्याचा. तो माणूस लगेच कड्याला पाठ लावून उभा राहिला. निळा सदरा, टोपी डोळ्यांवर.

"या, या," तो अदबीने म्हणाला. "चढणाऱ्याला वाट."

त्याच्या अंगाला घामाचा आणि वेंडेलच्या दाढीच्या साबणाचा वास येत होता. पण मान मिळाला की पुढे जायचं, ही त्याची तीस वर्षांची सवय. तो खाली मान घालून त्याच्या पुढून गेला आणि आभारसुद्धा मानले.

माथ्यावर कुणी नव्हतं. डबा उघडा होता. वहीत पानामागून पान त्याचीच सही होती, आणि शेवटच्या ओळीवर, शाई अजून ओली असावी तशी, आजची तारीख. 'शंभर. आज तो स्वतः आला. आता मला जायला हरकत नाही.'

वेंडेलने पेन उचललं. खाली ओळी खूप होत्या, पण सही करावी अशी जागा त्याला दिसेना. त्याने वळून खाली बघितलं. इथून त्याचं घर स्वच्छ दिसत होतं. अंगणात टेबलं, रंगीत छत्र्या, मुंग्यांएवढी माणसं. निळा सदरा फाटकापाशी पोचला, कुलुपावर बोटं ठेवली आणि आत गेला. एक लंगडत चालणारी आकृती धावली आणि त्याच्या गळ्यात पडली. टाळ्यांचा आवाज वर यायला थोडा वेळ लागला, पण आला.

"अरे, मी इथे आहे!" वेंडेल ओरडला. मिसेस कोल्बची दुर्बीण वर वळली, डोंगरावरून सावकाश फिरली आणि खाली गेली.

तो उतरला तसा आयुष्यात कधी पळाला नव्हता. पडला, खरचटला, टोपी गेली, सदरा चोयावर फाटला. पाणी कधीच संपलं होतं. नऊ वाजले तेव्हा उद्यान खात्याची माणसं उन्हासाठी वाट बंद करायला खाली साखळी लावत होती, आणि त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. फाटकाशी पोचेपर्यंत अंगण रिकामं झालं होतं. भिंतीवर नवी पितळी पट्टी चकाकत होती. त्याने कुलुपावर लग्नाची तारीख दाबली. बटणं दबली नाहीत. पुन्हा दाबली. मग समोर नजर गेली आणि त्याने पाटी वाचली. मजकूर त्याला पाठ होता, तरी त्याने तो शेवटपर्यंत वाचला.

मारिसेला ताटल्या गोळा करत होती. ती फाटकापर्यंत आली.

"मारिसेला," तो म्हणाला.

तिने त्याच्या फुटलेल्या ओठांकडे बघितलं, फाटक्या सदऱ्याकडे, मग खाली बुटांकडे. तांबड्या मातीने माखलेल्या, तळ निघालेल्या बुटांकडे ती बराच वेळ बघत राहिली. "किती चढून आलात हो ह्या उन्हात," ती कळवळून म्हणाली. "तुम्हाला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय."

"मी चढलो," वेंडेल म्हणाला. "खरंच चढलो मी. माथ्यापर्यंत."

"दिसतंयच की."

घरातून कुणीतरी दोनदा घसा खाकरला. "मारी, कोण आहे गं?"

"कुणी नाही रे. एक म्हातारे आहेत, पाणी मागतायत."

"मग दे ना. आणि ती पाटी काढून टाकतो मी आजच. कुणी लावली कोण जाणे."

तिने पाणी आणलं, मोठा ग्लास, बर्फ घालून. भिंतीवरून त्याच्या हातात दिला. तिची बोटं त्याच्या बोटांना लागली आणि ती थोडी थबकली, जणू काही विसरलेलं आठवतंय. मग ती आत गेली आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली.

"हे घ्या. कोंचा आहे, ताजा आहे. आमच्याकडे आता कुणी खात नाही."

वेंडेल वळून वर निघाला. पहिल्या वळणावर, पालो व्हर्देच्या सावलीत, त्याच्या दगडावर हॉल्डेन बसला होता. तो थोडा सरकला. वेंडेल शेजारी बसला. खाली घरात मारिसेला हसत होती, इथपर्यंत ऐकू येत होतं. तो ते ऐकत बसला, आणि मग त्याने पाव मोडून अर्धा म्हाताऱ्याच्या हातात ठेवला.